बंद मोटारगाडीतील बालमृत्यूचा न्यायवैद्यकीय पुरावा

बंद मोटारगाडीतील बालमृत्यूचा न्यायवैद्यकीय पुरावा : उभ्या असलेल्या मोटारगाडीत विसरून राहिलेल्या, जाणूनबुजून ठेवलेल्या अथवा स्वतःच आत शिरून अडकलेल्या लहान मुलाच्या मृत्यूचे कारण, वेळ व परिस्थिती ठरविण्यासाठी शव, वाहन, हवामान आणि संबंधित व्यक्तींच्या हालचाली यांपासून गोळा केला जाणारा पुरावा. विषबाधा, गळा दाबणे, शस्त्राघात इत्यादींमुळे आलेल्या मृत्यूत शव हाच मुख्य साक्षीदार असतो. उष्णतेने आलेल्या मृत्यूत शव फार थोडे सांगते. जे सांगते तेही संदिग्ध असते आणि काही तासांत पुसले जाते. त्यामुळे अशा प्रकरणाचा निर्णय पुष्कळदा घटनास्थळी पहिल्या तास-दोन तासांत कोणी काय मोजले व काय लिहून ठेवले यावर अवलंबून राहतो.

या मृत्यूंचे तीन प्रकार पडतात. पालक किंवा सांभाळणारी व्यक्ती मूल गाडीत असल्याचे विसरते, हा पहिला. मूल खेळता खेळता उघड्या गाडीत शिरते व त्याला बाहेर पडता येत नाही, हा दुसरा. ‘पाच मिनिटांत येतो’ अशा समजुतीने अथवा क्वचित दुष्ट हेतूने मूल जाणीवपूर्वक मागे ठेवले जाते, हा तिसरा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९८ पासून अशा मृत्यूंची नोंद ठेवण्यात येत असून त्यांची संख्या एक हजारावर गेली आहे. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू पहिल्या प्रकारचे, सुमारे चौथा हिस्सा दुसऱ्या प्रकारचे व साधारण पाचवा हिस्सा तिसऱ्या प्रकारचे आहेत. भारतात गाजलेल्या घटना मात्र बहुतांशी दुसऱ्या प्रकारात मोडतात. नागपूर येथे पाचपावली पोलीस ठाण्याच्या हद्दीतील फारूकनगर भागातून १७ जून २०२३ रोजी तीन मुले बेपत्ता झाली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांचे मृतदेह घराजवळच उभ्या असलेल्या एका मोटारगाडीत सापडले. त्या सुमारास मोसमी पाऊस विदर्भात पोहोचलेला नव्हता. मुंबईतील अँटॉप हिल भागात २४ एप्रिल २०२४ रोजी एका बेवारस मोटारगाडीत सात व पाच वर्षांची दोन भावंडे मृतावस्थेत आढळली. तमिळनाडूतील पणगुडी (जून २०२२) व आंध्र प्रदेशातील द्वारपुडी (मे २०२५) येथील घटनाही अशाच होत. या बहुतेक घटनांच्या वृत्तांत मृत्यूचे कारण ‘गुदमरणे’ असे सांगितले गेले. हा शब्द कितपत बरोबर आहे, हा या विषयातील पहिला व महत्त्वाचा प्रश्न आहे.

उष्णता की गुदमरणे : सूर्यप्रकाश काचेतून आत येतो आणि गाडीचा पुढील फलक, आसने व सुकाणूचक्र यांवर शोषला जातो. हे पृष्ठभाग तापून अवरक्त प्रारण बाहेर टाकतात. काच या प्रारणाला जवळजवळ अपारदर्शक असते. बंद दारांमुळे तापलेली हवा बाहेर जाऊन थंड हवा आत येण्याची क्रियाही थांबते. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बाहेरील तपमान २२° ते ३६° से. असताना बंद गाडीतील हवेचे तपमान दर पाच मिनिटांस सरासरी १.८° से. या वेगाने वाढले व एकूण वाढीपैकी सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. बाहेर २२° से. असतानाही आतील तपमान ४७° से. पर्यंत गेले. काचा थोड्या खाली ठेवल्याने त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ॲरिझोना राज्यातील विद्यापीठाने २०१८ मध्ये केलेल्या मापनांत बाहेर ३८° से. च्या वर तपमान असलेल्या दिवसांत उन्हातील गाडीतील हवा एका तासात सुमारे ४७° से., आसने ५१° से. व पुढील फलक ६९° से. इतका तापला. त्यांच्या गणिती प्रतिमानानुसार दोन वर्षांच्या मुलाचे आंतरिक तपमान उन्हातील गाडीत सुमारे एका तासात आणि सावलीतील गाडीत सुमारे दोन तासांत ४०° से. ओलांडते. म्हणजे सावली वेळ वाढविते, संरक्षण देत नाही.

आता हवेचा विचार करू. मध्यम आकाराच्या मोटारगाडीच्या आतील भागात सुमारे ३,००० लिटर हवा मावते व तीत सुमारे ६३० लिटर ऑक्सिजन असतो. पंधरा किलोग्रॅम वजनाचे मूल स्वस्थ असताना तासाला सहा-सात लिटर ऑक्सिजन वापरते. ते रडत-धडपडत असेल तर दहा लिटर धरता येईल. तीन मुले असली, तरी तासाला तीस लिटर, म्हणजे उपलब्ध ऑक्सिजनाच्या विसाव्या हिश्श्याइतकाच खर्च होतो. गाडी संपूर्ण हवाबंद आहे असे मानले, तरी तीन तासांनी ऑक्सिजनाचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १८ टक्क्यांवर येईल व कार्बन डाय-ऑक्साइड दोन-तीन टक्क्यांच्या आसपास पोहोचेल. यामुळे श्वास जलद होईल, डोके दुखेल, पण मृत्यू येणार नाही. शिवाय कोणतीही मोटारगाडी हवाबंद नसते. दारांच्या फटी व वायुवीजनाच्या झडपा यांतून हवा थोडीफार बदलतच राहते. तेवढ्याच काळात उन्हातील गाडीतील उष्णता मात्र प्राणघातक पातळी कितीतरी आधी ओलांडते. तेव्हा बैठकीच्या भागात अडकलेल्या मुलाच्या बाबतीत ‘गुदमरून मृत्यू’ हे निदान गणिताला धरून नाही. तेथे प्राण घेते ती उष्णता.

डिकीची गोष्ट वेगळी आहे. बैठकीच्या भागापासून स्वतंत्र असलेल्या डिकीत सुमारे ४०० लिटर हवा, म्हणजे अवघा ८४ लिटर ऑक्सिजन असतो. दोन मुले तीत अडकली, तर दोन तासांत ऑक्सिजनाचे प्रमाण निम्म्याजवळ उतरते व कार्बन डाय-ऑक्साइड आठ ते दहा टक्क्यांपर्यंत चढतो. येथे उष्णता व श्वासावरोध ही दोन्ही कारणे खरोखरच एकत्र काम करतात. म्हणून मृतदेह गाडीच्या नेमक्या कोणत्या भागात होता, डिकी व आतील भाग यांमध्ये मोकळी वाट होती की नव्हती, ही पंचनाम्यात एका ओळीत उरकण्याची बाब नव्हे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. कारण ‘गुदमरणे’ असे नोंदले, की मृत्यू उष्णतेच्या बळींत मोजला जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालात उष्माघाताचे सदर आहे, परंतु बंद वाहनातील उष्माघात असे स्वतंत्र सदर नाही. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ‘श्वासावरोध’ या शब्दात तोंड-नाक दाबून मारल्याची शक्यताही सामावते. त्यामुळे निष्पाप कुटुंबावर संशय येऊ शकतो. उलट, खरोखर दाबून मारलेले मूल नंतर गाडीत ठेवले असेल, तर तोच शब्द खुन्याला आडोसा देतो.

बालशरीराची स्थिती : मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे बाहेरील उष्णता ते लवकर शोषते. घाम कमी येतो व शरीरातील पाण्याचा साठाही लहान असतो. प्रौढापेक्षा मुलाचे तपमान तीन ते पाच पट वेगाने वाढते असे मानण्यात येते. सभोवतीची हवा शरीरापेक्षा अधिक तापली, की शरीराला थंड होण्याचा एकच मार्ग उरतो, तो घामाच्या बाष्पीभवनाचा. बंद गाडीत श्वासाची व घामाची वाफ साचत जाऊन हवा दमट होते आणि हा मार्गही अरुंद होतो. मुले एकाहून अधिक असतील, तर हे अधिक लवकर घडते. आंतरिक तपमान ४०° से. वर गेल्यावर मेंदूचे कार्य बिघडू लागते. गुंगी, झटके व बेशुद्धी येते. ४२° से. च्या सुमारास पेशींतील प्रथिनांची रचना मोडू लागते व बहुतेकदा जीव वाचत नाही [→ उष्माघात]. बेशुद्धी तुलनेने लवकर येत असल्यामुळे मुलाने आरडाओरडा केल्याचे कोणी ऐकले नाही, यावरून ते गाडीत नव्हते असा निष्कर्ष काढता येत नाही.

शवविच्छेदन : उष्माघाताची म्हणून ओळखता येईल अशी एकही खूण शवविच्छेदनात सापडत नाही. फुप्फुसांत रक्त साचणे व पाणी भरणे, मेंदूला सूज येणे, फुप्फुसावरण, हृदयावरण व यौवनलोपी ग्रंथी यांवर टाचणीच्या टोकाएवढे रक्तस्राव दिसणे, या गोष्टी आढळतात. परंतु याच खुणा श्वासावरोधातही दिसतात, आणि ‘गुदमरणे’ हे निदान वारंवार पुढे येण्याचे एक कारण हेच असावे. मूल काही तास तग धरून मग मेले असेल, तर यकृत, हृद्‌स्नायू व वृक्क यांच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीत पेशींचा ऱ्हास, वृक्कनलिकांत स्नायूंपासून आलेले मायोग्लोबिन आणि रक्तवाहिन्यांत विखुरलेल्या गुठळ्या दिसू शकतात. मृत्यू लवकर आला असेल, तर हेही बदल घडण्यास वेळच मिळालेला नसतो व सर्व इंद्रिये जवळजवळ प्राकृत दिसतात.

डोळ्यातील काचाभ द्रवाची रासायनिक तपासणी येथे उपयोगी पडते. नेत्रगोलाच्या आवरणामुळे हा द्रव रक्तापेक्षा उशिरा कुजतो. त्यात सोडियम, क्लोराइड व यूरिया यांचे प्रमाण वाढलेले असेल, तर मृत्यूपूर्वी शरीरातील पाणी घटले होते असे म्हणता येते. त्यावरून मूल बराच वेळ जिवंतपणी उष्णतेत होते असे अनुमान निघते. प्रमाण प्राकृत असले, तर मात्र उष्माघात नव्हता असे ठरत नाही, कारण तीव्र उष्णतेत पाणी घटण्यापूर्वीच मृत्यू येऊ शकतो. त्वचेवरील सालपट निघालेले भाग हा गोंधळाचा दुसरा विषय होय. तापलेले आसन, पट्ट्याचा धातूचा आकडा वा पुढील फलक यांना अंग टेकून राहिल्याने खरे चटके बसू शकतात. पण मृत्यूनंतर उष्णतेने त्वचा सुटते तेव्हाही तसेच दिसते. हे भाग पाहून मारहाणीचा किंवा जाळल्याचा संशय घेतला जाण्याची शक्यता असते. जिवंतपणीच्या दाहाच्या खुणा त्वचेच्या सूक्ष्म छेदात दिसतात की नाही, यावर निर्णय करावा लागतो.

अमेरिकेतील वैद्यकीय परीक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९७ मध्ये या निदानाचे निकष प्रसिद्ध केले. कोसळण्याच्या सुमारास शरीराचे तपमान ४०.६° से. किंवा अधिक आढळले व अन्य कारण नसेल, तर मृत्यू उष्माघाताने आला असे मानावे. शरीर थंड करण्याचे प्रयत्न झाले असतील, तर त्याहून कमी तपमान असूनही लक्षणांवरून निदान करता येते. तपमान मोजलेच गेले नसेल, तर अतितप्त जागी मृतदेह मिळणे आणि दुसरे कारण न सापडणे यांवर विसंबावे लागते. याचा अर्थ असा की, हे निदान मुख्यतः इतर कारणे वगळून केले जाते आणि वगळण्याचे काम जितके कसोशीने होईल तितकेच ते भक्कम ठरते. गळ्याच्या खोल भागाचे थरांनुसार विच्छेदन, ओठांच्या आतील बाजूची पाहणी, सर्व हाडांची क्ष-किरण तपासणी आणि रक्त व अंतर्गत इंद्रियांचे (व्हिसेराचे) विष व गुंगीच्या औषधांसाठी रासायनिक विश्लेषण हे सर्व आवश्यक ठरते. एंजिन चालू ठेवलेल्या गाडीत कार्बन मोनॉक्साइडाने मृत्यू आलेला असू शकतो. तेव्हा मरणोत्तर विवर्णता नेहमीच्या निळसर जांभळ्या रंगाऐवजी गुलाबी लालसर दिसते व रक्तातील कार्‌बॉक्सिहीमोग्लोबिनाच्या मापनाने शंका मिटते. हे नमुने व त्यांसोबतचे पत्र नीट भरणे हेही तपासाचेच अंग आहे. विषाचा संशय नाही असे समजून केवळ उपचार म्हणून पाठविलेला व्हिसेरा प्रयोगशाळेस योग्य दिशा देऊ शकत नाही.

मृत्यूची वेळ : सर्वसाधारण प्रसंगी शव तासाला सुमारे १° से. पेक्षा थोड्या कमी वेगाने थंड होते व त्यावरून मृत्यूनंतरचा काळ अजमावतात. तापलेल्या गाडीत हा आधार उलटतो. आतील हवा शरीरापेक्षा गरम असल्यामुळे शव थंड होण्याऐवजी तापतच जाते आणि सायंकाळी गाडी निवल्यावर मग उतरू लागते. सायंकाळी ४३° से. तपमान आढळले, तर ते मरतानाचे की नंतर चढलेले, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी त्याच वेळी गाडीतील हवेचे तपमान, दार उघडल्याची वेळ आणि अर्ध्या-एक तासाच्या अंतराने शवाचे आणखी दोन-तीन वेळा घेतलेले तपमान हवे. गुदद्वारातून तपमान घेण्यापूर्वी लैंगिक अत्याचाराच्या तपासणीसाठी लागणारे नमुने घेणे हा नियम आहे. तसा संशय असल्यास यकृतातील तपमान मोजणे अधिक चांगले. मरणोत्तर काठिण्य उष्णतेत लवकर येते व लवकर जाते. कुजण्याची क्रिया इतकी वेगाने होते की, एका दिवसाचे शव दोन-तीन दिवसांचे भासते. काचाभ द्रवातील पोटॅशियमाची वाढही उष्णतेत वेगाने होत असल्यामुळे त्यावरील नेहमीची सूत्रे येथे चुकीचा, प्रमाणाबाहेर मोठा काळ दाखवितात. नागपूरच्या घटनेप्रमाणे शव दुसऱ्या दिवशी सापडते, तेव्हा या सर्व पद्धतींपेक्षा मूल शेवटचे केव्हा दिसले, त्याने काय खाल्ले व जठरात काय आढळले, यांचा मेळ अधिक विश्वसनीय ठरतो.

वाहनाची तपासणी : गाडी हेच या घटनेचे खरे घटनास्थळ. दार उघडून मुलाला बाहेर काढणे स्वाभाविक व आवश्यक आहे. त्या घाईत पुरावा बदलतो, हे गृहीत धरून कोणी कोणते दार कसे उघडले, काच फोडली की किल्ली लावली, आतील हवा गरम लागली का, मुलाचे अंग ओले होते की कोरडे, हे त्या व्यक्तींकडून लगेच लिहून घ्यावे लागते. त्यानंतर प्रत्येक दाराचे आतील व बाहेरील मुठे, कडी आणि मागील दारांवरील बालसुरक्षा-कळीची स्थिती तपासली जाते. ही कळ लावलेली असेल, तर मागील दार बाहेरून उघडते, आतून उघडत नाही. मूल त्याच दाराने आत आले असेल आणि पुढच्या आसनावर जाण्याचे त्याला सुचले नसेल, तर एवढ्यानेच ते कैद होते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या गाडीत गंजलेली कडी, तुटलेला आतील मुठा, सुकून चिकटलेली काचेची रबरी पट्टी व उतरलेली विद्युत् घटमाला यांमुळे भोंगा वाजत नाही व काचही उतरत नाही. दार बाहेरून उघडताना लागणारे बल व आतून लागणारे बल मोजून त्यांतील फरक मांडला, तर चार वर्षांच्या मुलाला ते शक्य होते का, याचे उत्तर न्यायालयाला आकड्यांत मिळते. अशी यांत्रिक तपासणी भारतात सामान्यतः मोटार वाहन निरीक्षकाकडून करून घेतात. त्याच्या नेहमीच्या तपासणीचा भर गतिरोधक व सुकाणू यांवर असल्याने दारांच्या कड्यांविषयी त्याला स्पष्ट प्रश्न विचारावे लागतात.

काचांच्या आतील बाजूस उमटलेले लहान तळव्यांचे ठसे, छताच्या कापडावरील नखांच्या खुणा, आसनावर लाळ, उलटी वा लघवीचे डाग, काढून टाकलेले कपडे या सर्वांवरून मूल गाडीत जिवंत व हालचाल करीत होते हे सिद्ध होते. मृत्यू अन्यत्र घडवून शव नंतर गाडीत ठेवले आहे की काय, या शंकेला यासारखे दुसरे उत्तर नाही. बेवारस गाडीच्या बाहेरील धूळही बोलते. मुठ्यावरील थरात कोणत्या उंचीवर व किती रुंदीच्या बोटांनी खुणा उमटल्या आहेत, हे पाहून दार मुलांनी उघडले की मोठ्या माणसाने, हे कळू शकते. पोलीस, नातेवाईक व बघे यांच्या हातांनी ही धूळ सर्वांत आधी नाहीशी होते. नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत दार, कुलूप व प्रज्वलन यांच्या काही नोंदी वेळेसह राहतात. त्या काढण्यापूर्वी गाडी चालू केल्यास काही नोंदींवर नव्या नोंदी पडण्याचा धोका असतो.

स्थळ व हवामान : जवळच्या वेधशाळेचे तपमान हा पुराव्याचा आरंभ असतो, शेवट नव्हे. ते झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, सावलीत मोजलेले असते. खडीच्या वा डांबराच्या उघड्या वाहनतळावर उभ्या असलेल्या गाडीचा त्याच्याशी संबंध अप्रत्यक्षच असतो. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव उदाहरण म्हणून घेता येईल. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे येथे वर्षभर लोक वाहनांनी येतात आणि उन्हाळ्यात वाहने उघड्यावर उभी राहतात. गावाचा अक्षांश सुमारे १८.७° उ. असल्यामुळे मेच्या मध्यास व पुन्हा जुलैच्या अखेरीस मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. जुलैत आकाश बहुधा ढगाळ असते. मेमध्ये मात्र सूर्यकिरण गाडीच्या टपावर जवळजवळ लंबरूप पडतात. येथील मध्यान्ह भारतीय प्रमाणवेळेनुसार साडेबाराच्या सुमारास होते. तेथे सकाळी दहा वाजता झाडाच्या पश्चिमेस सावलीत उभी केलेली गाडी दुपारी एकनंतर पूर्ण उन्हात येते, कारण सावली झाडाखालून पूर्वेकडे सरकलेली असते. तेव्हा ‘गाडी सावलीत लावली होती’ हे विधान पूर्णपणे खरे असूनही गाडी तीन तास उन्हात होती, हे तितकेच खरे असू शकते. गाडीचे तोंड कोणत्या दिशेला होते, जवळच्या भिंतीची व झाडाची उंची किती, हे पंचनाम्याच्या नकाशात नोंदलेले असले, तर दर मिनिटाची सावली गणिताने काढता येते. नोंदलेले नसेल आणि गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात नेली गेली असेल, तर ती संधी संपते.

अशा गावातील तपासाची वाट शिक्रापूर पोलीस ठाणे, शवविच्छेदनाचे रुग्णालय आणि पुण्यातील गणेशखिंड येथील प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा अशी जाते. या प्रत्येक टप्प्याला काही तास लागतात व ते तास उन्हाळ्यातले असतात. म्हणूनच साधा तपमापक व घड्याळ घेऊन प्रथम पोहोचलेल्या पोलीस हवालदाराची किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरची नोंद पुढे कोणत्याही प्रयोगशाळेला भरून काढता येत नाही.

प्रयोगरूप पुनर्रचना करताना तीच अथवा त्याच बनावटीची, त्याच रंगाची व तशाच काचांची गाडी त्याच जागी, त्याच दिशेला, शक्य तितक्या जवळच्या तारखेस व सारख्याच आकाशस्थितीत उभी करतात. मुलाच्या डोक्याच्या, छातीच्या व पायांच्या उंचीवर तपमापक ठेवून दर मिनिटास नोंद घेतात. छताजवळील हवा व पायांजवळील हवा यांत मोठा फरक असल्याने एकाच तपमापकाची नोंद फसवी असते. एका दिवसाचा प्रयोगही पुरेसा नसतो. ढग, वारा व धूळ यांमुळे पडणारा फरक दाखविण्यासाठी अनेक दिवसांची मापने द्यावी लागतात. अन्यथा बचाव पक्षाचा पहिलाच प्रश्न निरुत्तर करतो.

हेतूचा प्रश्न : मूल उष्णतेने मेले हे सिद्ध झाले, तरी ते गाडीत का राहिले याचे उत्तर शवाजवळ व तपमापकाजवळ नसते. या बाबतीत अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचा हॅरिस खटला अभ्यसनीय आहे. १८ जून २०१४ रोजी बावीस महिन्यांचा मुलगा कचेरीच्या वाहनतळावरील गाडीत सुमारे सात तास राहून मरण पावला. वडिलांनी विसरल्याचे सांगितले. गाडीचे त्रिमितीय क्रमवीक्षण करून चालकाच्या जागेवरून मागील आसनातील मुलाचे डोके दिसू शकत होते का, यावर दोन्ही बाजूंनी साक्षी झाल्या. सरकार पक्षाने वडिलांच्या विवाहबाह्य संबंधांचे व अश्लील संदेशांचे विपुल पुरावे हेतू दाखविण्यासाठी मांडले. २०१६ मध्ये खुनाबद्दल जन्मठेप झाली. जून २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी खुनाची शिक्षा रद्द केली. चारित्र्याविषयीच्या पुराव्याने ज्यूरीचे मन कलुषित झाले असावे, हे त्यामागील कारण होते. २०२३ मध्ये सरकार पक्षाने त्या आरोपांवर पुन्हा खटला न चालविण्याचे ठरविले. वैद्यकीय पुराव्याबद्दल दोन्ही बाजूंत वाद नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

विसरण्याच्या शक्यतेविषयी साउथ फ्लॉरिडा विद्यापीठातील डेव्हिड डायमंड यांनी मांडलेले स्पष्टीकरण बहुधा दिले जाते. रोजच्या वाटेने गाडी चालविण्यासारखी सवयीची कामे मेंदूचा एक भाग जवळजवळ आपोआप करतो, तर ‘आज मुलाला पाळणाघरात सोडायचे आहे’ हा बेत दुसरे भाग लक्षात ठेवतात. ताण, अपुरी झोप किंवा दिनक्रमातील बदल यांमुळे सवय बेतावर मात करते व मूल सोडून आल्याची खोटी खात्री निर्माण होते. हे स्पष्टीकरण विसरणे शक्य आहे एवढेच सांगते. विशिष्ट व्यक्ती विशिष्ट दिवशी विसरली, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी दिनक्रम, दूरध्वनीच्या नोंदी, सीसीटीव्हीतील चित्रण आणि मूल गाडीत असताना त्या व्यक्तीचे गाडीजवळ जाणे-येणे हे पाहावे लागते. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात पुढील आसनासमोरील हवापिशवीच्या धोक्यामुळे मुलांना मागे बसविण्याचा प्रघात पडला. तेव्हापासून विसरण्याच्या घटना वाढल्या, ही एका सुरक्षा-उपायाची अनपेक्षित किंमत होय.

भारतातील कायदा : अशा मृत्यूची प्रथम अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते व भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४) चौकशी होते. निष्काळजीपणा आढळल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू शकते. त्याखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वीच्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली ती दोन वर्षांपर्यंत होती. बारा वर्षांखालील मुलाला पालकाने टाकून देण्याबद्दल कलम ९३ व मुलाच्या हेळसांडीबद्दल २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ आहे. नव्या संहितेच्या कलम १७६ मध्ये सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले आहे. अकस्मात मृत्यू व निष्काळजीपणाचा गुन्हा हे दोन्ही या मर्यादेच्या खाली राहतात. म्हणजे ज्या मृत्यूत सारा पुरावा घटनास्थळी असतो, तेथेच तज्ञाचे जाणे सक्तीचे नाही, ही या तरतुदीतील विसंगती म्हणावी लागेल.

बेपत्ता मुलाच्या तक्रारीत अपहरणाची शक्यता गृहीत धरून गुन्हा नोंदविण्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. ते योग्यच आहे. तथापि त्यामुळे शोधाची दिशा बसस्थानक, रेल्वेस्थानक व शहराबाहेरचे रस्ते अशी दूर जाण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात मूल हरवल्यास घराच्या परिसरातील प्रत्येक उभी गाडी, तिची डिकी, पाण्याची टाकी व जुने शीतकपाट पहिल्या अर्ध्या तासात उघडून पाहणे, हे उष्णतेच्या वर दिलेल्या वेगावरूनच क्रमप्राप्त ठरते.

अमेरिकेत १९९८ च्या उन्हाळ्यात तीन घटनांत अकरा मुले डिकीत अडकून मरण पावल्यावर सप्टेंबर २००१ पासून नव्या गाड्यांच्या डिकीत आतून उघडण्याची, अंधारात चमकणारी मूठ सक्तीची झाली. इटलीत नोव्हेंबर २०१९ पासून चार वर्षांखालील मुलांच्या आसनाला विसर-सूचक यंत्र लावणे बंधनकारक आहे. या यंत्रांच्या नोंदीही आता पुरावा ठरू शकतात. महाराष्ट्रात अशी मुले बहुधा ज्या गाड्यांत सापडली, त्या मात्र जुन्या किंवा पडून असलेल्या होत्या. त्यांबाबत मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास वा अधिक काळ बेवारस राहिलेली गाडी हलविण्याचा आदेश गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो. गाडीच्या सांगाड्यावरील व एंजिनावरील क्रमांकांवरून मालकाचा माग लागतो. ती गाडी तेथे किती दिवस होती व तिच्याविषयी कोणी तक्रार केली होती का, हेही मृत्यूच्या चौकशीत नोंदवून घेतले जाते.